एटीआरवर कमांडची वाट बघू, की जेटच्या उजव्या सीटवर जाऊ?

होटगी_नाका

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहायला आज बसले.

मी सोलापूरची. एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर ७२ वर (पंख्यांचं छोटं विमान) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची सहवैमानिक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, ओळखाल त्यांनीही लिहू नका. बेस हैदराबाद. आमचं विमान सोलापूरला येत नाही, त्यामुळे विमान चालवणारी मी सुट्टीला घरी येते ती बसनं. मार्केट यार्डापाशी उतरते, बाबा स्कूटर घेऊन उभे असतात.

एकूण १,६४० तास झालेत, त्यातले १,४०० च्या वर एटीआरचे. एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) पेपर निघाले, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा राहिलीय. कंपनी म्हणते, वर्षभरात कमांड अपग्रेडला घेऊ. म्हणजे डावी सीट, चार पट्ट्या, कॅप्टन.

आणि गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीची निवड परीक्षा पास झाले. एअरबस ए३२०, पण फर्स्ट ऑफिसर म्हणूनच, तेही यादीत शेवटी. टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या खास ट्रेनिंगचा) खर्च ते करणार, बदल्यात पाच वर्षं कंपनी न सोडण्याचा बाँड. शिवाय एक मधली वाटही दिसते, एम्ब्रेअर उडवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीत जायची. विमान जेट, कंपनी प्रादेशिकच.

शिक्षणासाठी ६० लाखांचं कर्ज आहे, घर तारण. लायसन्स हातात आल्यावर दीड वर्ष नोकरी नव्हती, तेव्हाचे हप्ते बाबांनी भरले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. हे सांगितलं नाही तर प्रश्न अर्धाच राहील.

काय करू? या धंद्यातले कोणी असाल तर मनापासून सांगा.

कडक_भाकरी

आधी अभिनंदन स्वीकार ताई! आपल्या सोलापूरची पोरगी विमान चालवायली, हेच आमाला लई झालं. १५ जून २०२३ ला विमानतळाच्या आड येणारी कारखान्याची चिमणी पडली तेव्हा बघायला गेलो होतो, धुरळा डोळ्यात गेलेला अजून आठवतोय. तेव्हा म्हणत होतो, आता विमान येतंय की नाही बघू. आलं की बे!

सल्ला काही नाही. वाचायलोय.

चार_पट्ट्या

मी ३४ वर्षं विमानं उडवली, त्यातली पहिली अकरा टर्बोप्रॉपवर, म्हणजे एटीआरसारख्या पंख्यांच्या विमानांवर. आता विजापूर रोडला निवांत आहे. बाळ, तुला सरळ सांगतो: कमांड घे.

उजव्या सीटवर बसून पाच हजार तास केलेला माणूस आणि डाव्या सीटवर बसून हजार तास केलेला माणूस यांत फरक असतो. पावसाळ्यात गच्च ढगांत शिरायचं की परत फिरायचं, इंधन किती जास्त घ्यायचं, इंजिनिअर "चालेल" म्हणतोय ते खरंच चालेल का, हे ठरवून खाली स्वतःची सही करायला लागलीस की तू वैमानिक म्हणून मोठी होतेस. लॉगबुकात पीआयसीचे (कॅप्टन म्हणून उडवलेले) तास दिसले की पुढं कुठल्याही मुलाखतीत बोलणं वेगळ्या पायरीवरून सुरू होतं.

एटीआर हे त्यासाठी उत्तम विमान. २५,००० फुटांच्या वर जात नाही, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं सगळं हवामान तुझ्या तोंडासमोर. ए३२० वाला ३९,००० वरून ढगांची चित्रं काढत जातो.

विजापूर_वेस

काकांचा मान राखून उलट बाजू मांडतो. मी दोन वर्षांपूर्वी एटीआर सोडून ए३२० वर आलो, उजव्याच सीटवर.

मोठ्या कंपनीत तुमची लायकी, तुमचे तास, तुमचं इंग्रजी हे सगळं आत शिरेपर्यंत मोजतात. आत आल्यावर मोजली जाते ती फक्त रुजू झाल्याची तारीख, म्हणजे सीनियॉरिटी यादीतला नंबर. कमांडचा नंबर, बेस, पुढं मोठ्या विमानावर जायची संधी, बहुतेक गोष्टी त्या यादीवरून ठरतात. तुम्ही एटीआरवर कॅप्टन व्हायला एक वर्ष थांबलात, मग हजार तास करायला दीड वर्ष, की अडीच वर्षांत तुमच्या पुढं किती जण लागतील याचा विचार करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोनं ५०० ची. ती विमानं एका दिवसात येत नाहीत, पण येताहेत, आणि भरती त्या मापानं होतेय. अशा वेळी रांगेत आधी उभं राहणाऱ्याचा फायदा.

एटीआरचं शिक्षण वाया जात नाही, हेही सांगतो. हातानं विमान उडवायची सवय तिथंच लागते. फक्त पहिले तीन महिने जेट खाली आणताना घाम फुटतो. एटीआरचे पंखे पॉवर काढली की ब्रेकसारखे धरतात, विमान लगेच मंदावतं. जेट घसरगुंडीवरच्या पोरासारखं, थांबायलाच तयार नसतं. उतरायचा हिशेब शंभर मैल आधीपासून डोक्यात ठेवावा लागतो.

चार_पट्ट्या

@विजापूर_वेस, तारखेचं पटतं. पण ती तारीख कंपनी जिवंत असेपर्यंतच. किंगफिशर २०१२ ला बसली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्ट मे २०२३ ला थांबली. तिघीही "मोठ्या"च होत्या. त्यांच्या सीनियॉरिटी याद्या आता रद्दीत. पीआयसीचे तास मात्र ज्याचे त्याच्याजवळ राहिले.

कडक_भाकरी

किंगफिशरवरनं आठवलं. त्यांचं एटीआर मुंबईहून सोलापूरला येत होतं की काही दिवस! आमच्या मामांनी एकदा तिकीट काढलं, आणि वर्षभर प्रत्येक लग्नात तोच विषय. बोर्डिंग पास अजून देव्हाऱ्यात असंल.

जुळे_सोलापूरकर

माझी कंपनी बुडाली तेव्हा (नाव नको, जखम जुनी आहे) मी फर्स्ट ऑफिसर होतो, पाच महिन्यांचा पगार अडकलेला. माझ्यासोबतचे कॅप्टन लोक दोन-तीन महिन्यांत कुठं ना कुठं लागले. आम्ही उजव्या सीटवाले वर्षभर घरी. मी त्या काळात होटगी रोडला भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलो. वैमानिक आहे म्हणून सांगितलं की गिऱ्हाईक हसायचं.

म्हणून चार_पट्ट्या सरांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण आता उमगतं ते असं: कॅप्टन लवकर लागले ते कॅप्टन होते म्हणून, आणि त्यांचे तास त्याच विमानाचे होते जे बाकीच्या कंपन्या उडवत होत्या म्हणूनही. एटीआरच्या कॅप्टनला देशात दारं किती? मोजकी. ए३२० च्या माणसाला जास्त.

डॅलसचा_भुईकोट

जन्म भुईकोटाच्या मागं, आता मुक्काम टेक्सास. इथल्या एका रीजनल एअरलाइनमध्ये एम्ब्रेअर १७५ वर कॅप्टन आहे. तुझा प्रश्न इथं आमच्या क्रू रूममध्ये दिवसातून चार वेळा निघतो.

इथली रचना वेगळी आहे. रीजनलच्या विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचं, प्रवाशाला वाटतं तो अमेरिकन नाहीतर डेल्टानं चाललाय. उडवणारे मात्र आम्ही, वेगळ्या कंपनीचे. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात कलमं घालून ठेवलीत की बाहेरच्या कंपनीनं ७६ सीटपेक्षा मोठं विमान उडवायचं नाही. म्हणून रीजनलमध्ये कितीही वर्षं काढा, विमान मोठं होत नाही. मोठं विमान हवं तर कंपनी बदला.

काही रीजनल तर थेट मोठ्यांच्याच मालकीच्या आहेत. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँट या तिन्ही अमेरिकनच्या. तिथं फ्लो म्हणून व्यवस्था आहे: मुलाखत न देता नंबरानं वर सरकत जायचं. ऐकायला सुंदर. पण ती सरकती रांग वर किती भरती चाललीय त्यावर चालते. २०२२-२३ ला धावत होती, २०२४ ला भरती थंडावली आणि तीच रांग मुंगीच्या पायानं चालायला लागली. एप्रिल २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन रीजनल चार-पाच दिवसांच्या फरकानं बंद झाल्या, तिथल्यांचा नंबर शून्य.

माझी चूक सांगतो. मी कॅप्टन झालो की मगच अर्ज करायचा, असं ठरवून बसलो. इथं कॅप्टन व्हायला नियमानंच आधी एअरलाइनमधले १,००० तास उजव्या सीटवर लागतात. ते झाले, डावी सीट मिळाली, आता पीआयसीचे हजार करू म्हटलं. तेवढ्यात मोठ्यांनी भरतीचा नळ बारीक केला. माझ्याबरोबर सिम्युलेटरचं (सिम) ट्रेनिंग केलेला पोरगा फर्स्ट ऑफिसर असतानाच अर्ज टाकून निघून गेला. आज तो मोठ्या कंपनीत आहे. मी कॅप्टन आहे, आणि वाट बघायलोय.

एक गोष्ट मात्र इथली तिथं लावू नकोस. २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर २०१३ पासून इथं फर्स्ट ऑफिसर व्हायलाही साधारण १,५०० तास लागतात. म्हणून इथं पोरं आधी वर्षानुवर्षं इन्स्ट्रक्टरगिरी करतात. भारतात २०० तासांच्या सीपीएलवर (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) माणूस एअरबसच्या उजव्या सीटवर बसू शकतो. म्हणजे तुझ्या रांगेत तुझ्यापेक्षा १,४०० तास कमी असलेलीही पोरं उभी आहेत, आणि ती आजच उभी आहेत.

शेंगाचटणी

मला यातलं काही कळत नाही, पण पोरी, लग्नाचं काय? मोठ्या कंपनीत रात्रीची विमानं फार असतात म्हणे.

विजापूर_वेस

@शेंगाचटणी मावशी, हाच प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. :)

रात्रीचा मुद्दा मात्र खरा आहे. एटीआरला दिवसात चार-सहा छोटे सेक्टर (उड्डाणं), बहुतेक रात्री घरी. जेटला रात्री दोनला रिपोर्टिंग असतं. विश्रांतीचे नियम आता बदललेत, आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ झाली. तरी शरीराला कळतंच.

पासबुक

मी बँकेतला, विमानातलं शून्य. कर्जाचा आकडा दिसला म्हणून आलो. ताई, शिल्लक किती आणि दर किती?

होटगी_नाका

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@पासबुक, शिल्लक ४८ लाख, दर साडेदहा, हप्ता साधारण ७३,४००.

@शेंगाचटणी मावशी, आईनं तुम्हाला पाठवलंय का?

@डॅलसचा_भुईकोट, तुमचं वाचून झोप लागली नाही.

पासबुक

४८ लाखांवर साडेदहानं महिन्याचं नुसतं व्याज ४२,००० होतं. म्हणजे ७३,४०० मधले मुद्दलाला जातात ३१,४००. असंच चालू ठेवलं तर अजून आठ वर्षं.

माझा प्रश्न वेगळा. नवीन नोकरीत रुजू झाल्यावर ट्रेनिंगच्या काळात हातात काय येणार? काही कंपन्या टाइप रेटिंग होऊन लाइनवर, म्हणजे प्रवाशांच्या विमानावर, सोडेपर्यंत फक्त स्टायपेंड देतात असं ऐकतो. सहा महिने हप्त्यापेक्षा कमी पगार आला तर आधीच बाजूला काढून ठेवायला हवेत. साडेचार लाख तरी. ते आहेत का? नसतील तर दोन्ही बाजूंचे सल्ले गुंडाळून ठेवा आणि आधी हे बघा.

होटगी_नाका

तीन लाख आहेत. स्टायपेंडचं विचारते.

चार_पट्ट्या

पासबुकरावांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. वैमानिक लोक पगाराचा आकडा बघतात, पगार कधीपासून ते बघत नाहीत.

आणि एक, आजवर कुणी काढलेलं नाही म्हणून मीच काढतो, जरी ते माझ्याच सल्ल्याच्या विरुद्ध जातं. नोटीस पिरियड. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) २०१७ च्या नियमानं फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला पूर्ण एक वर्ष. कंपनीनं आधी सोडलं तर गोष्ट वेगळी. तू आज निघालीस तर सहा महिन्यांत मोकळी. कमांड घेतलीस की त्या दिवसापासून तुझा दोर दुप्पट लांब. वर्षभर थांबायला तयार असलेली मोठी कंपनी मिळेल का? मिळतेही, पण मग ती तुला बोलावते तिच्या सोयीनं.

वर अपग्रेडबरोबर बहुधा नवीन बाँड येतो. तुझ्या पत्रात काय लिहिलंय?

होटगी_नाका

काका, पत्रच नाही. चीफ पायलट क्रू रूममध्ये म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझा नंबर." एवढंच.

जुळे_सोलापूरकर

तोंडी?? बाई!

कडक_भाकरी

आमच्या एमआयडीसीत असं तोंडी म्हणत्यात दिवाळी बोनसला.

डॅलसचा_भुईकोट

तोंडी शब्दाची किंमत मी इथं दोनदा मोजलीय. चीफ पायलट खोटं बोलत नसतो बरं का. तो आज जे खरं आहे ते सांगतो. उद्या दोन विमानं लीजवाल्यानं परत नेली, एक इंजिनच्या सुट्या भागासाठी हँगरमध्ये बसलं, की पाच कॅप्टन हवे होते तिथं आहेत तेच जास्त होतात. छोट्या कंपनीत विमानं पाच-दहा, त्यातलं एक बसलं तरी रोस्टर हादरतं. मोठ्या कंपनीत एक विमान बसलं तर कुणाला पत्ता लागत नाही.

विजापूर_वेस

एम्ब्रेअरच्या मधल्या वाटेबद्दल कुणीच बोललं नाही. थोडक्यात: स्टार एअरसारखी कंपनी १७५ उडवते, सोलापूरच्या लोकांना ते विमान आता ठाऊक आहे. जेटचे तास मिळतील, विमान उत्तम आहे, डॅलसवाले सांगतीलच. पण भारतात एम्ब्रेअरही एटीआरसारखंच, दारं मोजकी. तिथून ए३२० ला यायचं तर पुन्हा टाइप रेटिंग, पुन्हा नोटीस, पुन्हा यादीच्या तळाशी. दोनदा तळाशी बसायचं असेल तर जा.

डॅलसचा_भुईकोट

विमान खरंच देखणं. बाकी विजापूर वेशीशी सहमत.

चार_पट्ट्या

माझं मत मी बदलत नाही, पण त्याला एक अट लावतो. लेखी दे म्हणावं. अपग्रेडचं ट्रेनिंग अमुक महिन्यात सुरू, बाँड किती, सिम कुठं. लेखी मिळालं तर थांब, कमांड कर, माझ्यावर विश्वास ठेव. नाही मिळालं तर मी इथं पहिल्या दिवशी लिहिलेलं खोडून टाक.

आणि व्हायवा उरकून घे. एटीपीएलला १,५०० हा वरवरचा आकडा. आत रात्रीचे तास, क्रॉस-कंट्री, सुपरव्हिजनखालचे पी-वन (कॅप्टनच्या देखरेखीखाली स्वतः कमांड केलेले तास) असे कप्पे असतात. एक कप्पा रिकामा राहिला तर फाइल परत. ए३२० ला गेलीस तरी ते लायसन्स लागणारच आहे, आणि ट्रेनिंगच्या धामधुमीत अभ्यास होत नाही. एटीआरवर हॉटेल मोडमध्ये (पंखा थांबवून, इंजिन चालू) उजवं इंजिन घुरघुरत असताना, प्रवासी चढेपर्यंतच्या वीस मिनिटांत मी हवामानशास्त्राचं पुस्तक वाचलेलं आहे.

संपादक

वरचे दोन प्रतिसाद कंपनीचं नाव आल्यामुळे काढले आहेत. धागालेखिकेची विनंती पाळावी.

होटगी_नाका

तीन आठवड्यांनी येतेय, मधे सगळं हळूहळू झालं.

चीफ पायलटना भेटले. लेखी मागितलं. ते चिडले नाहीत, उलट म्हणाले, बरोबर आहे तुझं. चार दिवसांनी मेल आला. त्यात "ऑपरेशनल गरजेनुसार अपग्रेडचा विचार करण्यात येईल" असं एक वाक्य, तारीख नाही. मी तो मेल बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, वर्कशॉपला आमच्या बढतीच्या फाइलवर हेच वाक्य होतं, नऊ वर्षं.

दुसऱ्या कंपनीत स्टायपेंडचं विचारलं. लाइन ट्रेनिंग सुरू होईपर्यंत हप्त्याला पुरणार नाही एवढाच. रुजू व्हायची तारीख मात्र सहा महिन्यांनंतरची द्यायला ते तयार आहेत, म्हणजे नोटीस इथं पूर्ण करता येईल आणि तेवढे महिने पूर्ण पगार येईल. @पासबुक काका, तुमचे साडेचार लाख तोवर जमतील. रोज चहासुद्धा कंपनीचाच पितेय.

काल राजीनामा दिला.

चार_पट्ट्या

बरं झालं. मी असतो तर कदाचित थांबलो असतो आणि चुकलोही असतो. व्हायवाची तारीख?

होटगी_नाका

पुढच्या महिन्यात, काका. हवामानशास्त्राला भीती वाटतेय.

चार_पट्ट्या

विजापूर रोडला ये सुट्टीत. जेट स्ट्रीम आणि मान्सून ट्रफ दोन दुपारी उरकू. येताना काही आणू नकोस.

शेंगाचटणी

मी देते तिच्याबरोबर चटणी. आणि हो, तिच्या आईनंच पाठवलं होतं मला.

विजापूर_वेस

बेस मुंबई मिळाला तर सांग, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट दोघांचं एकदम काढत जाऊ. वरची बर्थ माझी.

कडक_भाकरी

आता काय करायलाव बे तुमी दोघं? शेंगाचटणी मावशी, बघायलाव का?